कायद्याच्या भरवशावर सोडलेले हक्क

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने 26 ऑगस्ट 1789 रोजी मान्य केलेला 'मानवाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा' हा मुळात अपुरा राहिलेला मजकूर आहे, ही गोष्ट त्याच्या गौरवात सहसा हरवून जाते. सभेने चर्चेसाठी घेतलेल्या मसुद्यात चोवीस कलमे होती. 20 ऑगस्टपासून आठवडाभर शब्दाशब्दावर वाद घालून सतरा कलमे सिद्ध झाली आणि 27 तारखेला सभासदांनी ठरवले की आता राज्यघटनेच्या कामाला लागावे, हक्कांच्या यादीत आणखी काय घालायचे ते घटना झाल्यावर पाहू. ती वेळ आलीच नाही. मालमत्तेचा हक्क सांगणारे कलम शेवटी आले ते यामुळे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हक्कनाम्याचा शेवट मालमत्तेने व्हावा यात पुढे अनेकांनी धनिक वर्गाचा डाव पाहिला. तो आरोप इतर कारणांनी खरा ठरेलही, पण कलमांच्या क्रमावरून तो सिद्ध होत नाही, कारण तिथे फक्त काम थांबले होते.

या अपुरेपणाकडे लक्ष वेधण्याचे कारण असे की, जाहीरनाम्यात जे राहून गेले ते त्यात जे आहे त्याइतकेच आजही आपल्या कामाचे आहे. हक्क म्हणजे राजाने किंवा सरकारने दिलेले दान नव्हे, ते माणसाजवळ आधीपासूनच असतात आणि राज्यसंस्था त्यांच्या रक्षणासाठीच उभी केलेली असते, हे तत्त्व त्या सभेने जगापुढे ज्या स्वच्छ शब्दांत मांडले, त्याला तोड नाही. मात्र हे हक्क मोडले गेले तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नावर तिने उत्तरच दिले नाही. तिने सगळा भरवसा कायद्यावर टाकला. माझ्या मते या जाहीरनाम्याचे मोठेपण आणि त्याचे अपयश ही दोन्ही या एकाच भरवशातून निघाली आहेत.

जाहीरनामा हवेतल्या तत्त्वांचा संग्रह आहे, असे त्याचे टीकाकार पहिल्यापासून म्हणत आले. इंग्लंडमध्ये एडमंड बर्क यांनी 1790 मध्येच तसे लिहिले आणि जेरेमी बेंथम यांनी तर नैसर्गिक हक्कांची कल्पनाच निरर्थक ठरवली. पण कलमे त्या काळच्या फ्रान्ससमोर ठेवून वाचली, तर प्रत्येक कलमाचे बोट एखाद्या ठसठशीत अन्यायाकडे वळलेले दिसते. राजाच्या सहीच्या मोहोरबंद हुकमाने कोणालाही विनाचौकशी, विनामुदत तुरुंगात टाकता येत असे. सातव्या कलमाने कायद्यात सांगितलेले प्रकार आणि पद्धत सोडून कोणालाही अटक करता येणार नाही, असे सांगितले. सैन्यात अधिकारी होण्यासाठी चार पिढ्यांचे कुलीनत्व दाखवावे, असा नियम 1781 मध्ये झाला होता. सहाव्या कलमाने गुण आणि योग्यता यांखेरीज कोणताही भेद न मानता सर्व पदे सर्वांना खुली केली. धर्मगुरू आणि उमराव करांच्या मोठ्या ओझ्यातून सुटलेले होते. तेराव्या कलमाने ते ओझे ऐपतीप्रमाणे सर्वांवर सारखे वाटले. आरोपीकडून कबुली काढण्यासाठी होणारा छळ राजाने 1780 मध्ये बंद केला होता खरा, पण आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष मानला जाईल हे नवव्या कलमाने तत्त्व म्हणून लिहून ठेवले. ज्यांनी हे लिहिले त्यांना आपला शत्रू नीट माहीत होता, आणि तो शत्रू म्हणजे मर्जी: राजाची, त्याच्या मंत्र्याची, खानदानाची मर्जी.

मर्जीला उतारा कायद्याचा. लहरीने चालणाऱ्या सत्तेच्या जागी सर्वांना सारखा लागू होणारा, आधी जाहीर केलेला, लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला नियम आणला की माणूस सुरक्षित होईल, अशी त्या सभेची श्रद्धा होती. चौथ्या कलमापासून अकराव्यापर्यंत सलग आठ कलमांत 'कायदा' हा शब्द येतो. दुसऱ्याला इजा न करणारे सर्व काही करण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य, अशी चौथ्या कलमाची सुंदर व्याख्या आहे. तिच्या सीमा कायदाच ठरवील, असे तेच कलम पुढे म्हणते. मताबद्दल, अगदी धार्मिक मताबद्दलही कोणाला त्रास होऊ नये, असे दहावे कलम सांगते. त्या मताच्या आविष्काराने कायद्याने प्रस्थापित केलेली सार्वजनिक व्यवस्था बिघडता कामा नये, ही अट त्याच वाक्यात आहे. बोलणे, लिहिणे आणि छापणे हा माणसाच्या सर्वांत मोलाच्या हक्कांपैकी एक आहे, असे अकरावे कलम म्हणते; त्याच्या गैरवापराची जबाबदारी मात्र कायद्याने ठरवलेल्या प्रकरणी घ्यावी लागेल. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा याचा अर्थ मी लावत नाही. सभासदांच्या मनात दोन्ही हात एकाच माणसाचे होते, कारण सहाव्या कलमाप्रमाणे कायदा ही सर्व समाजाच्या सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती आहे, आणि समाज स्वतःच्याच हक्कांवर घाला कशाला घालील?

येथे अमेरिकेशी तुलना उपयोगी पडते. सभासद लाफायेत यांनी 11 जुलै 1789 रोजी सभेपुढे आपला मसुदा मांडला तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून थॉमस जेफरसन होते आणि लाफायेत यांनी त्यांचा सल्ला घेतला होता. व्हर्जिनियाचा 1776 चा हक्कनामाही सभासदांना परिचित होता. तेव्हा जाहीरनाम्यावर अमेरिकेची छाया आहे यात वाद नाही. पण अमेरिकी घटनेला 1791 मध्ये जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच कायदेमंडळाने अमुक विषयांवर कायदा करू नये, अशी आहे. तिथे संशयाचा रोख कायदे करणाऱ्यांवर आहे. फ्रान्समध्ये संशय राजावर आणि न्यायाधीशांवर होता, कायदेमंडळावर नव्हता.

न्यायाधीशांवरचा संशय निराधार नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या फ्रान्समधली वरिष्ठ न्यायालये म्हणजे विकत घेतलेल्या आणि वारशाने चालणाऱ्या पदांचे गड होते. अर्थमंत्री त्युर्गो यांच्या 1776 च्या सुधारणांना पॅरिसच्या न्यायालयाने विरोध केला होता. अशा न्यायाधीशांच्या हाती कायदेमंडळाचे निर्णय तपासण्याची सत्ता देणे म्हणजे दारातून घालवलेल्याला खिडकीतून आत घेणे होते. म्हणून ऑगस्ट 1790 च्या कायद्याने न्यायालयांना कायदेमंडळाच्या आणि प्रशासनाच्या कामात ढवळाढवळ करण्याची बंदी घालण्यात आली. ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही त्या समाजाला राज्यघटनाच नाही, असे सोळावे कलम बजावते. पण ही हमी देणार कोण, ते कुठेही लिहिलेले नाही. प्रस्तावनेत याचे एक उत्तर आहे, ते असे की हा जाहीरनामा सर्वांच्या डोळ्यांसमोर सतत राहील आणि प्रत्येकाला सत्तेच्या प्रत्येक कृतीशी त्याचा पडताळा घेता येईल. नागरिकाच्या हाती सत्तेला मोजण्याची मोजपट्टी देणे ही कल्पना थोरच आहे. पण मोजमाप चुकले असे दिसल्यावर ती पट्टी घेऊन जायचे कुठे?

चार महिन्यांत याचा प्रत्यय आला. डिसेंबर 1789 मध्ये त्याच सभेने नागरिकांची सक्रिय आणि निष्क्रिय अशी विभागणी केली. पंचवीस वर्षांवरचा, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणारा आणि कोणाच्या घरी चाकरीला नसलेला पुरुष सक्रिय ठरला. असे सुमारे 43 लाख लोक होते. बाकीच्यांना जाहीरनाम्याचे संरक्षण होते, मत नव्हते. स्त्रिया सगळ्याच दुसऱ्या गटात गेल्या. यातला विरोधाभास इतिहासानेच रंगवून ठेवला आहे. राजा लुई सोळावा जाहीरनाम्याला मान्यता देण्यात टाळाटाळ करत होता, आणि 5 ऑक्टोबर रोजी पॅरिसहून भाकरीसाठी चालत, राजा आणि सभा जिथे होती त्या व्हर्सायला आलेल्या बायकांच्या मोर्चानंतर त्याच रात्री त्याने ती दिली. ज्यांच्या पायपिटीने जाहीरनाम्याला राजमान्यता मिळाली, त्यांना त्याच्या आधाराने मतपेटीपर्यंत पोहोचता आले नाही. लेखिका ऑलिंप द गूज यांनी 1791 मध्ये सतराच कलमांचा स्त्रियांचा हक्कनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल तर तिला व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असे त्यातले दहावे कलम म्हणते. 3 नोव्हेंबर 1793 रोजी त्यांना पहिला हक्क मिळाला. दुसरा फ्रान्समधल्या स्त्रियांना 1944 मध्ये मिळाला.

त्यानंतरचा रक्तपात जाहीरनाम्यामुळे झाला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण जाहीरनाम्याने तो थांबवला नाही हे उघड आहे, आणि का थांबवता आला नाही हेही. निव्वळ संशयावरून अटक करू देणारा सप्टेंबर 1793 चा संशयितांचा कायदा हा कायदाच होता. आरोपीचा वकील काढून घेणारा आणि साक्षीदारांची गरज संपवणारा जून 1794 चा कायदाही रीतसर संमत झालेला होता. मोहोरबंद हुकमाची जागा छापील कायद्याने घेतली होती. कायदा ही सामूहिक इच्छा असेल तर त्याच्याविरुद्ध तक्रार करणारा आपोआप समाजाचा शत्रू ठरतो. हा तर्क सहाव्या कलमात कोणी मुद्दाम पेरला नव्हता, पण त्याला अडवणारेही तिथे काही नव्हते.

मालमत्तेच्या कलमाची कहाणी याहून कडवट आहे. सां-दोमिंग या कॅरिबियन वसाहतीत तेव्हा जवळपास पाच लाख गुलाम होते. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांत समान असतात, असे पहिले कलम सांगत होते. मळेवाल्यांच्या प्रतिनिधींनी सतराव्या कलमावर बोट ठेवले, की मालमत्ता पवित्र आहे आणि गुलाम ही आमची मालमत्ता आहे. सभेने वसाहतींचा प्रश्न राज्यघटनेच्या कक्षेबाहेर ठेवला. निकाल लावला तो ऑगस्ट 1791 मध्ये उठलेल्या गुलामांनीच. फ्रान्सने 4 फेब्रुवारी 1794 रोजी गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने 1802 मध्ये ती पुन्हा आणली आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाले. पुढे 1825 मध्ये फ्रान्सने हैतीकडून 15 कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली, ती गुलामांसाठी नव्हे, जुन्या मालकांसाठी. मालमत्ता घेतल्यास न्याय्य मोबदला द्यावा, हे सतराव्या कलमाचे वचन स्वतःचे शरीर परत घेणाऱ्यांकडून असे वसूल झाले.

एवढे सारे लिहूनही जाहीरनामा मोडीत काढावा, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या पहिल्या कलमात 'फ्रेंच माणसे' असे न लिहिता 'माणसे' असे लिहिले गेले, आणि ज्यांना वगळले होते त्यांनी तोच शब्द उचलून धरला. बर्क यांना उत्तर देताना थॉमस पेन यांनी आपल्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथात जाहीरनाम्याची सतराही कलमे इंग्रजीत दिली, आणि तो ग्रंथ पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या वाचनात आला. व्हर्सायच्या सभागृहात बसलेल्या कोणाही प्रतिनिधीने असा वाचक कल्पिला नसेल.

आणखी एका बाबतीत ती सभा आपल्याहून शहाणी होती. हक्कांबरोबर कर्तव्यांचाही जाहीरनामा काढावा, असा प्रस्ताव 4 ऑगस्ट 1789 रोजी मताला आला आणि 433 विरुद्ध 570 मतांनी फेटाळला गेला. कर्तव्ये कोणालाच नको होती असे नाही. एकाचा हक्क हेच दुसऱ्याचे कर्तव्य असते, तेव्हा वेगळी यादी कशाला, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. भारतीय राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांची यादी आली ती 1976 मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा हक्क गोठवलेले होते. हा योगायोग नाही असे मला वाटते. हक्क मागणाऱ्याला आधी कर्तव्याची पावती दाखवायला सांगणे ही कोणत्याही सत्तेची सोयीची सवय असते, आणि हक्क जन्मसिद्ध आहेत हे एकदा मान्य केले की ती पावती मागण्याचा अधिकार उरत नाही.

फ्रान्सने आपल्या जाहीरनाम्याला दार बसवायला किती वेळ घेतला, ते पाहण्यासारखे आहे. 1958 च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत 1789 च्या जाहीरनाम्याचा उल्लेख आहे, पण ती प्रस्तावना कायदेमंडळावर बंधनकारक आहे असे कायदे घटनेशी जुळतात का ते तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने ठरवले ते 16 जुलै 1971 रोजी. तो खटला संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा होता, म्हणजे नेमक्या अशा हक्काचा, जो सतरा कलमांत नाही. उलट जून 1791 च्या कायद्याने कामगारांना एकत्र येण्याची बंदी घातली होती. जाहीरनाम्यातल्या समतेच्या कलमाच्या आधारे कायद्याची तरतूद रद्द झाली ती 1973 मध्ये. आणि चालू खटल्यातल्या सामान्य पक्षकाराला आधीपासून अमलात असलेल्या कायद्याला या परिषदेपुढे आव्हान देण्याची सोय 1 मार्च 2010 पासून मिळाली. मोजपट्टी हाती आल्यानंतर ती घेऊन कुठे जायचे, हे कळायला 221 वर्षे लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांनी आपल्या सभेची तुलना 1789 साली व्हर्सायला भरलेल्या सभेशी केली आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांची घोषणा करणारा ठराव केला. तेव्हा हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. (स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी 1954 मध्ये सांगितले. तसे पाहता ही त्रयी जाहीरनाम्यात नाहीच. बंधुता हा शब्द सतरा कलमांत कुठेही येत नाही, आणि दुसऱ्या कलमातल्या नैसर्गिक हक्कांच्या यादीत स्वातंत्र्य, मालमत्ता, सुरक्षितता आणि जुलमाचा प्रतिकार आहे, समता नाही.) पण महाडचे दुखणे व्हर्सायहून वेगळे होते. महाडला कायदा आडवा आला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले होते. तरी 20 मार्च 1927 पर्यंत तिथले पाणी कोणी अस्पृश्य पिऊ शकला नव्हता, आणि त्या दिवशी जे प्यायले त्यांच्यावर हल्ला झाला तो गावातल्या लोकांनी केला. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

1789 च्या विचाराला येथे मोठेच खिंडार पडते. त्या विचारात एका बाजूला व्यक्ती आहे, दुसऱ्या बाजूला सत्ता आहे आणि मधला समाज निष्पाप आहे. जुलूम वरून येतो, शेजारून येत नाही. राजाचा हात बांधला आणि कायदा सर्वांना सारखा केला की झाले, असे मानणाऱ्याला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर काठ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे काय करायचे ते सुचत नाही. आंबेडकरांना ते सुचले, कारण त्यांना तो मार खाणाऱ्यांच्या बाजूने विचार करावा लागला. चवदार तळ्याच्या वापरावरून झालेला खटला दहा वर्षे चालला; मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. घटना समितीत 9 डिसेंबर 1948 रोजी, हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क देणाऱ्या कलमाला त्यांनी घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते या अनुभवानंतर.

आपल्याकडचे दार मात्र नेहमी उघडे राहिले, असे समजण्यात अर्थ नाही. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या एकविसाव्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आहेत आणि त्यांत 1789 चाच भरवसा डोकावतो. कायदा झाला, पद्धत पाळली, मग प्रश्न संपला, असा अर्थ 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोपालन खटल्यात लावला गेला. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 रोजी, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाकडे दादच मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले. विरोधी मत न्या. ह. रा. खन्ना यांचे एकट्याचे होते. कायद्याने प्रस्थापित केलेली ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे 1978 च्या मनेका गांधी खटल्यात मान्य झाले. आज एखादी अटक, एखादी बंदी, एखादी पाडापाडी 'कायद्यात बसते' एवढ्या उत्तरावर आपण गप्प बसतो तेव्हा आपण 1950 च्या अर्थाकडे, आणि त्याच्याही मागे 1789 च्या भोळ्या श्रद्धेकडे परत जात असतो. कायद्यात बसते का, हा पहिला प्रश्न आहे. तो कायदा हक्कांत बसतो का, हा दुसरा, आणि तो विचारण्यासाठीच हक्कांची यादी कायद्याच्या आधी लिहिलेली असते.

आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग केवळ राज्याला उद्देशून नाही. कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत अडथळा येता कामा नये, असे तो सांगतो. हक्कनाम्याच्या भारदस्त भाषेत विहीर आणि तलाव हे शब्द जरा अनपेक्षित वाटतात. व्हर्सायला त्यांची गरज कोणाला भासली नव्हती.